दोन जवळजवळ सारखे ऑफ-व्हाइट: भिंतीवर एक पिवळा, दुसरा मळकट का दिसतो आणि त्यावर काय करायचं

तक्रार बहुतेक वेळा अशीच येते. शेड कार्डातून दोन ऑफ-व्हाइट बाजूला काढलेले असतात. कार्डावर ते इतके सारखे, की मागचा नंबर वाचल्याशिवाय कुठला कोणता ते कळू नये. त्यातला एक भिंतीवर चढतो आणि खोली पिवळी दिसायला लागते. म्हणून पुढच्या वेळी दुसरा लावला जातो, तर तो करडा, मळकट वाटतो. कुणाची भिंत दिवसभर छान असते आणि संध्याकाळी दिवे लागले की हिरवट होते. कुणाच्या एकाच खोलीत खिडकीसमोरची भिंत पांढरी आणि तिच्या शेजारची गुलाबट दिसते, रंग मात्र एकाच डब्यातला.

असं दोनदा घडलं की माणूस आपल्या नजरेवरच शंका घ्यायला लागतो, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं. नजर बरोबरच सांगत असते. शेडचा दोषही क्वचितच असतो. गडबड होते ती तुलनेत. आपण दोन्ही शेड एकमेकींच्या शेजारी धरतो आणि त्यातली बरी कोणती ते ठरवतो. पण भिंतीवर गेल्यावर 'अ'च्या शेजारी 'ब' नसतेच. शेजारी असते फरशी, दाराची चौकट, छत, पडदे, आणि डोक्यावर दिवा. तुलना त्यांच्याशी करायची असते.

दोघींमधला फरक आधी नीट ओळखा

दोन ऑफ-व्हाइटमध्ये दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात: झाक आणि उजळपणा. त्या वेगवेगळ्या तपासायच्या.

झाक येते स्टेनरमधून, म्हणजे पांढऱ्या रंगात मिसळायच्या दाट रंगद्रव्यातून. टायटॅनियम डायऑक्साइडच्या पांढऱ्या बेसमध्ये पिवळा ऑक्साइड, लाल ऑक्साइड, अंबर (मातकट तपकिरी), काळा असे स्टेनर अगदी थोड्या प्रमाणात टाकले की ऑफ-व्हाइट तयार होतो. पिवळ्यासोबत लाल पडला की शेड गुलाबटकडे झुकते. पिवळ्यासोबत काळा पडला की हिरवटकडे झुकते, कारण पिवळ्यात काळा मिसळला की शेवाळी रंग होतो. 'जरा शांत, जरा करडी' म्हणून निवडलेली शेड भिंतीवर हिरवट निघते ती पुष्कळदा यामुळेच. पिवळेपणा टाळायला करडीकडे गेलेल्या माणसाला हे कुणी आधी सांगत नाही.

कार्डावरच्या दोन इंचांच्या तुकड्यावर ही झाक डोळ्याला सापडत नाही. ती बाहेर काढायचा सोपा मार्ग म्हणजे त्याच पट्टीतली सगळ्यात गडद शेड बघणं. पुष्कळ कार्डांवर एका पट्टीतल्या शेड एकाच कुळातल्या असतात. वरची ऑफ-व्हाइट कुठल्या बाजूला झुकली आहे ते तळाची शेड उघड सांगते. एका पट्टीचा तळ मातकट तपकिरी आणि दुसरीचा शेवाळी असेल, तर वरचे दोन पांढरे कितीही सारखे भासोत, भिंतीवर ते वेगळेच वागणार. हा अंदाज आहे, पुरावा नाही; काही कार्डांवर पट्ट्या मिश्र कुळांच्याही असतात.

दुसरा मार्ग म्हणजे दोन्ही तुकडे पांढऱ्यावर ठेवून पाहणं. इथे एक सावधगिरी हवी. प्रिंटरचा साधा कागद या कामाला घेऊ नका. त्यात चमक वाढवणारी रसायनं असतात. ती दिवसाच्या उजेडातली अतिनील किरणं शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात. त्यामुळे तो कागद पांढऱ्याहूनही पांढरा दिसतो आणि त्याच्यावर ठेवलेला कुठलाही ऑफ-व्हाइट उगाच पिवळा वाटतो. त्याऐवजी स्टेनर न घातलेला पांढरा रंग पुठ्ठ्यावर लावून वाळवा आणि तो संदर्भ म्हणून वापरा. दाराच्या चौकटीला जो पांढरा लागणार आहे तोच घेतला तर उत्तम, कारण खोलीत ऑफ-व्हाइटची शेजारीण तीच असणार आहे.

उजळपणासाठी एक आकडा मिळतो, एलआरव्ही. भिंतीवर पडलेल्या दृश्य प्रकाशातला किती भाग परत फिरतो ते तो ० ते १०० या पट्टीवर सांगतो. शून्य म्हणजे पूर्ण काळा, शंभर म्हणजे पूर्ण परावर्तन. खऱ्या डब्यातला रंग ही दोन्ही टोकं गाठत नाही. कार्डाच्या मागे किंवा शेडच्या तपशिलात हा आकडा बहुधा छापलेला असतो. एकीचा ८० आणि दुसरीचा ८३ असेल तर डोळ्याला जाणवणाऱ्या उजळपणात तो फरक फार लहान आहे. शेजारी शेजारी धरल्यावर जेमतेम कळेल, वेगवेगळ्या वेळी पाहिल्यावर कळणार नाही. एकीचा ७२ आणि दुसरीचा ८४ असेल तर अंधाऱ्या खोलीत तो फरक नक्की जाणवेल. पण एलआरव्ही झाकेबद्दल काहीच सांगत नाही. सारख्या आकड्याच्या दोन शेड, एक गुलाबट आणि एक हिरवट, अगदी सहज असू शकतात. नुसत्या आकड्यावर निवड करणाऱ्यांना म्हणून पुन्हा तोच अनुभव येतो.

सगळ्यात मोठं कारण: उजेड

माझं ठाम मत आहे की रंग पुन्हा लावायचा विचार येण्याआधी दिव्यांकडे बघावं. भिंतीला स्वतःचा उजेड नाही. तिच्यावर जे पडतं तेच ती परत देते, आणि दिवसभरात पडणारा उजेड कमालीचा बदलतो. सूर्य क्षितिजाजवळ असताना उजेडाचं रंग-तापमान (उजेड किती पिवळसर की निळसर ते सांगणारं माप; आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर) २००० ते ३००० केल्विनच्या आसपास असतं, म्हणजे नारिंगी. दुपारच्या उन्हात ते ५५०० केल्विनच्या जवळ जातं. ऊन थेट न पडता नुसत्या निळ्या आकाशाचा उजेड येत असेल तर १०,००० केल्विनच्याही वर, म्हणजे स्पष्ट निळसर. डोळे बऱ्याच अंशी जुळवून घेतात म्हणून आपल्याला भिंत सारखीच 'पांढरी' वाटते. ऑफ-व्हाइटमधली झाक मात्र इतकी नाजूक असते की हा बदल तिला एका वेळी पुसून टाकतो आणि दुसऱ्या वेळी दुप्पट करतो.

ज्या खोलीत ऊन थेट येत नाही तिथे निळसर उजेडात करडी झाक थंड आणि मळकट दिसते. अशा खोलीत दोघींपैकी पिवळ्या किंवा गुलाबट झाकेची शेड जवळजवळ नेहमी बरी ठरते, कारण निळसर उजेड तिचा पिवळेपणा दाबतो. ज्या खोलीत दुपारनंतर पश्चिमेचं ऊन आत शिरतं तिथे उलटं. तीच उबदार शेड संध्याकाळी नको इतकी तापते, आणि किंचित करडी शेड त्या उन्हात मऊ होते.

आता रात्र. बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो: २७०० किंवा ३००० म्हणजे पिवळसर, ४००० म्हणजे मधला, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. 'दिवसा बरोबर, रात्री पिवळा' ही तक्रार असेल तर भिंतीवर २७०० केल्विनचा उजेड पडतो आहे का ते आधी बघा. ४००० चा एक बल्ब लावून पाहणं हे पूर्ण खोली घासून पुन्हा रंगवण्यापेक्षा किती सोपं आहे ते सांगायला नको. 'रात्री निर्जीव, आजारी दिसते' ही तक्रार असेल तर बहुधा ६५०० केल्विनचे दिवे आणि करडी झाक असा जोड जमलेला असतो. तिथे बल्ब पिवळसर केला की तीच भिंत सुधारते. एकाच खोलीत एक दिवा पिवळसर आणि दुसरा निळसर असेल तर कुठलाही ऑफ-व्हाइट एकसारखा दिसणार नाही. आधी सगळे दिवे एकाच आकड्याचे करा, मग शेडबद्दल बोला.

केल्विनइतकाच महत्त्वाचा आणि जास्त दुर्लक्षित आकडा म्हणजे सीआरआय. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचं ते माप, जास्तीत जास्त १००. रात्रीच भिंत हिरवट होत असेल आणि दिवसा अजिबात नसेल, तर संशय कमी सीआरआयच्या दिव्यावर घ्या. हा आकडा आठ सौम्य रंगनमुन्यांवरून काढतात, गडद लाल त्यात धरलेला नसतो. त्यामुळे ८० सीआरआयचा दिवा कागदावर ठीक वाटला तरी लाल रंगाच्या बाबतीत तो कच्चा असू शकतो. लाल कमी पडला की गुलाबट झाक दबते आणि हिरवट वर येते. ऑफ-व्हाइट भिंतींच्या खोलीत ९० किंवा त्याहून जास्त सीआरआय असलेले दिवे लावावेत असं मी आग्रहाने सांगेन.

याच संदर्भात 'मेटामेरिझम' नावाची अडचण येते. दोन रंग एका उजेडात तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्या उजेडात वेगळे होतात, कारण ते वेगवेगळ्या रंगद्रव्यांतून बनलेले असतात. रंगमापनात यासाठी प्रमाण उजेड ठरलेले आहेत: डी६५ म्हणजे साधारण ६५०० केल्विनचा दिवसाचा उजेड, आणि ए म्हणजे २८५६ केल्विनचा तारेच्या बल्बचा उजेड. पहिल्यात जुळलेली जोडी दुसऱ्यात फुटू शकते. एका कंपनीची शेड दुसऱ्या कंपनीच्या डब्यात 'तशीच बनवून' घेतली की हा त्रास हमखास उद्भवतो, कारण बेस वेगळा, स्टेनर वेगळे. दिवसा बरोबर आणि रात्री दोन भिंती वेगळ्या, असं दिसलं तर हे कारण आधी तपासा.

खिडकीची काचही विसरू नका. साध्या काचेत लोहामुळे हलकी हिरवी छटा असते. रंगीत काच किंवा फिल्म लावलेली असेल तर खोलीत येणारा सगळाच उजेड गाळून येतो.

खोली स्वतःच रंग गडद करते

'कार्डापेक्षा भिंत जास्त पिवळी आहे' असं म्हणणारे बरोबर असतात, आणि त्यामागे साधं गणित आहे. समजा एक ऑफ-व्हाइट लाल उजेडातला ८५ टक्के आणि निळ्यातला ७० टक्के भाग परत फेकतो. कार्ड बघताना उजेड एकदाच आपटून डोळ्यात येतो, म्हणजे निळा लालच्या साधारण ८२ टक्के उरतो. खोलीत मात्र उजेड एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर जातो. दोनदा आपटल्यावर लाल उरतो ७२ टक्के आणि निळा ४९, म्हणजे निळा आता लालच्या ६८ टक्क्यांवर आला. तिसऱ्या उसळीत आणखी खाली. प्रत्येक उसळीत पिवळेपणा वाढतो. चार भिंती एकाच रंगाच्या असल्या की त्या एकमेकींना रंगवत राहतात, आणि कोपरे सगळ्यात गडद दिसतात.

यातून एक उपयोगी चाचणी निघते. एकाच शेडचे दोन मोठे तुकडे रंगवून पुस्तकासारखे काटकोनात उभे करा आणि आतल्या कोपऱ्यात बघा. तिथे दिसणारा गडदपणा पूर्ण रंगवलेल्या खोलीतल्या रंगाच्या जास्त जवळचा असतो. दोन शेडमधला फरक सपाट तुकड्यावर दिसत नसेल तरी इथे दिसतो. 'अ' आणि 'ब' यांच्यात ठरत नसेल तेव्हा मी सगळ्यात आधी हेच करायला सांगते.

फरशी आणि बाहेरचा परिसरही या उसळीत सामील असतो. लालसर लाकडी फरशीवरून उसळलेला उजेड भिंतीचा खालचा भाग उबदार करतो. खिडकीबाहेर दाट झाडी असेल तर उजेड हिरवा होऊनच आत येतो. अशा खोलीत हिरवट झाकेचा ऑफ-व्हाइट घेणं म्हणजे आधीच असलेल्या हिरव्यात भर घालणं. तिथे किंचित गुलाबट झाक तोल सांभाळते. समोरच्या इमारतीची विटकरी भिंत असेल तर गुलाबट शेड टाळावी. गडद रंगाचे पडदे, मोठा सोफा, लाकडी कपाट ही मंडळी कायम राहणार असतील तर चाचणीच्या वेळी ती जागेवर असायलाच हवीत. रिकाम्या खोलीत केलेली निवड सामान आल्यावर बदललेली वाटते, ती याचमुळे.

मग येतो शेजारच्या रंगाचा परिणाम. फ्रेंच रसायनतज्ज्ञ मिशेल यूजीन शेवरल पॅरिसच्या गोबलँ या टॅपेस्ट्री (भिंतीवर टांगायची विणलेली चित्रं) बनवणाऱ्या कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख होते. काही काळे धागे फिके पडतात अशी तक्रार त्यांच्याकडे आली. तपासात रंगाई ठीक निघाली. काळ्याच्या शेजारी विणलेले रंग काळ्याला फिकं दाखवत होते. १८३९ मध्ये त्यांनी यावरचं आपलं संशोधन प्रसिद्ध केलं. भिंतीवर नेमकं हेच होतं. झगझगीत पांढऱ्या चौकटीशेजारी ऑफ-व्हाइट मळका दिसतो. निळसर पांढऱ्या छताखाली तोच पिवळा दिसतो. हिरव्या पडद्यांशेजारी त्यात गुलाबटपणा जाणवतो.

म्हणून 'मळकट' ही तक्रार आली की माझा पहिला प्रश्न चौकटीबद्दल असतो. भिंत आणि चौकट दोन्ही पांढऱ्याच्या जवळपास आणि तरी वेगळ्या असतील, तर डोळा भिंतीला 'चुकलेला पांढरा' समजतो. यावर दोन सरळ उपाय आहेत. चौकट, स्कर्टिंग आणि छत यांनाही भिंतीचीच शेड लावायची, फक्त फिनिश बदलायचं. किंवा दोघांत इतका फरक ठेवायचा की तो मुद्दाम ठेवलेला आहे हे कळावं. मधलीच जागा त्रास देते.

इथेच ऑइल पेंटचा एक गुण सांगायला हवा. तेल किंवा अल्कीडवर आधारित पांढरा रंग काळानुसार पिवळा पडतो, आणि अंधाऱ्या जागी जास्त पडतो. दाराआडची बाजू, कपाटाचा आतला भाग इथे तो आधी दिसतो. दारं जुन्या ऑइल पेंटची असतील आणि भिंत नव्या इमल्शनची (पाण्यावर आधारित रंगाची), तर आज जुळलेली शेड काही वर्षांत जुळणार नाही. अशा खोलीत दोन ऑफ-व्हाइटपैकी निवड करण्याआधी दारांचं काय करायचं ते ठरवा.

चाचणी अशी घ्या

भिंतीवर थेट छोटे चौकोन रंगवू नका. जुना रंग भोवती राहतो आणि निकाल बिघडवतो, आणि पुन्हा रंगवताना त्या चौकोनांच्या कडा उमटतात. त्याऐवजी हार्डबोर्ड किंवा जाड पुठ्ठ्याचे निदान दोन फूट लांब-रुंद तुकडे घ्या, प्रत्येक शेडचे दोन. प्रायमर लावा, मग रंगाचे दोन हात, आणि तेही रोलरनेच, कारण भिंतीवर रोलरच फिरणार आहे. फिनिश तेच हवं जे शेवटी लागणार आहे. मॅट फिनिशमध्ये भिंत एकसारखी आणि जरा फिकी दिसते. सॅटिन किंवा ग्लॉसमध्ये तीच शेड समोरून खोल आणि खिडकीच्या कोनातून चकचकीत दिसते. एक शेड मॅटमध्ये आणि दुसरी सॅटिनमध्ये बघून केलेल्या तुलनेला अर्थ नाही.

पूर्ण वाळल्याशिवाय मत बनवू नका. ओल्या इमल्शनमधलं रेझिन दुधाळ असतं, वाळल्यावर ते पारदर्शक होतं, आणि रंग सहसा थोडा गडद होतो. रंगारी काम करत असताना 'हा फारच पांढरा झाला' असं वाटणं म्हणूनच स्वाभाविक आहे. दुसऱ्या दिवशी बघा.

तुकडे उभे ठेवून बघायचे. टेबलावर आडवं ठेवलेलं कार्ड वरून थेट उजेड खातं आणि उजळ दिसतं. भिंतीला तो उजेड तिरका मिळतो. तुकडा फरशीला टेकवून, दाराच्या चौकटीला चिकटवून उभा करा. मागची जुनी भिंत गडद किंवा रंगीत असेल तर तिच्यावर मोठा पांढरा कापडी पडदा किंवा पुठ्ठा लावून ती झाका.

आता महत्त्वाचं: एका वेळी एकच शेड ठेवा. दिवसभर 'अ', दुसऱ्या दिवशी 'ब'. सकाळी, भर दुपारी, तिन्हीसांजेला आणि रात्री दिवे लावून बघा; मध्ये ढगाळ दिवस आला तर तोही चांगलाच. बघताना बाहेरून आल्या आल्या निर्णय घेऊ नका. डोळ्यांना खोलीच्या उजेडाशी जुळायला दोन-चार मिनिटं द्या, कारण तुम्ही त्या खोलीत बसणार आहात, नुसतं डोकावून जाणार नाही. प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारा: हा रंग फरशीशी आणि चौकटीशी भांडतो का? 'छान आहे का' हा प्रश्न इथे कामाचा नाही, कारण ऑफ-व्हाइट एकटा पाहिला तर नेहमीच छान वाटतो. दोन्ही तुकडे शेजारी शेजारी ठेवायचे ते सगळ्यात शेवटी, फक्त झाकेचा फरक नाव घेऊन सांगता येतो का ते पाहण्यासाठी.

मोबाइलच्या फोटोवर भरवसा ठेवू नका. कॅमेरा स्वतःहून पांढऱ्याचा तोल दुरुस्त करतो, म्हणजे नेमकी तीच झाक पुसतो जी तुम्ही शोधत आहात. दोन वेगळ्या फोटोंत घेतलेल्या दोन शेडची तुलना तर होऊच शकत नाही. दोन्ही तुकडे एकाच फोटोत असतील तर दोघींमधला फरक निदान त्याच दिशेने दिसतो, एवढाच उपयोग.

घरात दोन मतं पडली तर वाद वाढवू नका. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं आणि निळा उजेड कमी पोचतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पुष्कळांना पांढरं एकदम निळसर दिसतं, ते याच कारणाने. आईला दिसत नाही तो पिवळेपणा मुलीला दिसत असेल, तर दोघीही खरंच सांगत असतात. जिला किंवा ज्याला तो फरक टोचतो आहे त्याचं मत इथे जास्त धरावं. ज्याला फरक दिसतच नाही त्याला दोन्ही शेड सारख्याच चालणार आहेत.

रंग आधीच लागला असेल तर

सगळी भिंत सारखीच चुकीची वाटते का, की ठिकठिकाणी? ठिकठिकाणी असेल तर शेडला हात लावू नका. कडेला ब्रशने आणि मध्ये रोलरने लावलेला रंग वाळल्यावर चौकटीसारखा वेगळा दिसतो. शेवटचा हात देताना कड ओली असतानाच रोलर तिच्याजवळ न्यायला हवा होता. एका भिंतीवर अर्ध्यात छटा बदलली असेल तर दोन डब्यांत टिंटिंगचा, म्हणजे स्टेनर मिसळण्याचा, किंचित फरक आहे. उपाय एकच: सगळे डबे मोठ्या बादलीत एकत्र करून मग लावायचे, आणि निदान एक अख्खी भिंत एकाच मिश्रणातून पुरी करायची. पुट्टीची दुरुस्ती प्रायमर न लावता रंगवली असेल तर तिथे रंग जास्त शोषला जातो आणि मॅट डाग उरतो. जुन्या गडद रंगावर ऑफ-व्हाइटचे दोनच हात दिले असतील तर खालचा रंग डोकावतो, आणि त्याला लोक शेडची झाक समजतात. तिसरा हात देऊन बघा, नवी शेड घेण्याची घाई नको.

सगळी भिंत सारखीच चुकीची असेल तर क्रम असा ठेवा. आधी बल्ब. मग चौकट आणि छताचा पांढरा. मग पडदे किंवा मोठी सतरंजी, जर खालून रंग उसळत असेल. एवढं करूनही झाक टोचत असेल तर दुसऱ्या शेडवर उडी मारण्याआधी तीच शेड अर्ध्या स्टेनरने बनवून एका तुकड्यावर लावा. फरशीशी जमलेली झाक तशीच राहते, तीव्रता कमी होते. रंग थोडा उजळ होईल आणि झाकण्याची ताकद किंचित कमी पडेल, म्हणून एखादा हात जास्त धरा. पिवळेपणाच्या बहुतेक तक्रारी मला इथेच मिटलेल्या दिसल्या आहेत. झाकेची दिशाच चुकलेली असेल, म्हणजे हिरव्या उजेडात हिरवट शेड, तर अर्धी करूनही भागत नाही. तिथे 'ब'कडे जायलाच हवं.

आणि चाचणी नीट घेऊनही दोन्ही शेड सगळ्या वेळी, कोपऱ्याच्या चाचणीतसुद्धा, सारख्याच वाटल्या तर? मग दोघी तुमच्या खोलीसाठी एकच आहेत. जास्त एलआरव्ही असलेली घ्या, खोली अंधारी असेल तर विशेषतः. निवड झाल्यावर उरलेल्या डब्याच्या झाकणावर शेडचा नंबर, बेस, फिनिश, टिंटिंगची तारीख आणि खोलीचं नाव लिहून ठेवा. स्टेनरचं प्रमाण छापलेली चिठ्ठी मशीनमधून मिळते, ती डब्याच्या बाजूला चिकटवा. पुढे कधी ओरखडा दुरुस्त करायची वेळ आली तर तो डबा ढवळून आधी दाराआड एक हात मारून बघा, वाळू द्या, आणि फरक दिसला तर ठिगळ न लावता ती एक भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण रंगवा.